गाळलेला पाचवा अध्याय

सहदेव पाळकांना अमरावतीत येऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात प्रभूच्या कळपात त्यांनी एकही मेंढरू आणलं नव्हतं. नगरकडच्या मिशननं त्यांना इकडे धाडलं तेव्हा, तिकडे पीक उभं आहे, फक्त कापणारा माणूस हवा, असं सांगितलं होतं. पीक उभं होतं यात खोटं काही नव्हतं. ते कापसाचं होतं. आणि कापूस कापत नाहीत, वेचतात, हे त्यांना इथं आल्यावर कळलं.

त्या सालांत अमेरिकेत लढाई लागली होती. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून सगळी विलायत वऱ्हाडातल्या वावरांकडे डोळे लावून बसली होती. अमेरिका हे गाव आहे की खायची वस्तू, याची ज्यांनी कधी चौकशी केली नव्हती, ते लोक आता बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालत होते. सहदेव पाळक दर रविवारी त्या लढाईतल्या लोकांसाठी शांतता मागत. ऐकायला समोर बायको माणिकबाई असायची, आणि कधीकधी खिडकीबाहेर शालिकराम. हा कापसाच्या बाजारातला दलाल. एकदा तो जोडे काढून, हात जोडून आत आला.

"पादरीबुवा, तुमचा देव तुमचं ऐकते का?"

"ऐकतो."

"मंग हंगाम सरेपर्यंत जरासे थांबा ना. मंग मांगा शांतता. तवा आमीबी मांगू."

सहदेवांनी थांबायला नकार दिला. लढाईही थांबली नाही. शालिकरामचा प्रार्थनेवरचा विश्वास त्या दिवशी उडाला, पण पादरीबुवांवरचा लोभ वाढला. हा माणूस निरुपद्रवी आहे, असं तो बाजारात सगळ्यांना सांगू लागला.

मिशनचं घर गावाबाहेर बडनेऱ्याच्या वाटेवर होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे विहीर. विहिरीपलीकडे कडुलिंब, आणि कडुलिंबाखाली चुन्यानं लिंपलेली एक लहानशी कबर. तिच्यात गोदू होती. इथं आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात पटकी आली आणि चार वर्षांची लेक घेऊन गेली. माणिकबाई रोज संध्याकाळी खराटा घेऊन तिथला पाला झाडायची. बाकी तिनं या गावाकडून काही मागितलं नव्हतं.

कबरीच्या अंगाला लागूनच धुरा होता. दोन जमिनींच्या मधे जी पडीक पट्टी सोडतात तिला इकडे धुरा म्हणतात. वऱ्हाडातल्या धुऱ्याचा स्वभाव असा की तो दर साली थोडा सरकतो. आपल्या आपण सरकत नाही. शेजाऱ्याचा नांगर त्याला मदत करतो. पलीकडचं वावर नत्थुजीचं होतं. नत्थुजी म्हातारा, सडसडीत, डोईवर मळकं मुंडासं, आणि दर नांगरटीला धुऱ्याचा वीतभर तुकडा गिळूनही ढेकर न देणारा.

"दादा, नांगराचं आणखी एक तास घातलंत तर माझ्या लेकीच्या उशाशी फाळ लागेल," माणिकबाई म्हणायची.

"मी कुठं घालून राहिलो, बाई? माझं वावर जिथल्या तिथं हाय. तुमचं आंगण आकसून राहिलं."

तिनं खुणेला धोंडे मांडले. पुढच्या पेरणीला ते धोंडे घराकडे सरकलेले दिसले. नत्थुजी म्हणाला, पाऊस लई होता, धोंडे वाहून गेले. धोंडे चढाकडे वाहून गेले होते. पण हे बोलून उपयोग नव्हता.

आणि हाच नत्थुजी सहदेव पाळकांचा रोजचा एकुलता एक श्रोता. दिवस कलला की तो तंबाखू मळत ओट्यावर येऊन टेकायचा. त्याला शास्त्र ऐकायचं नसे. पण ओटा गार होता आणि शास्त्र ऐकल्याशिवाय ओट्यावर बसू देत नाहीत, असा त्याचा समज होता. सहदेवांनी तो समज दूर केला नाही.

एकदा त्यांनी त्याला पेरणाऱ्याची गोष्ट सांगितली. शेतकऱ्याला शेतकऱ्याची गोष्ट पटेल, असं त्यांना वाटलं. नगरच्या शाळेत शिकवताना मिशनचे साहेबही तसंच म्हणाले होते.

"एक पेरणारा पेरायला निघाला. पेरताना काही बी वाटेवर पडलं, ते पाखरांनी खाल्लं. काही खडकावर पडलं…"

"वाटेवर?" नत्थुजीचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"हो."

"वाटेवर काहून पडलं?"

"हातानं फेकत होता ना."

"तिफण नोती त्याच्यापाशी?"

"तिकडे तिफण नसते. मूठ भरतात आणि फेकतात."

नत्थुजीनं मळलेला तंबाखू तोंडात टाकला. "म्हंजे थोडं वाटेवर, थोडं खडकावर."

"आणि थोडं काट्यांत. पण जे चांगल्या जमिनीत पडलं…"

"थांबा, थांबा. मालक काही बोलला नाई त्याले?"

"गोष्ट बियांची आहे, नत्थुजी. बी म्हणजे देवाचं वचन. वाट म्हणजे माणसाचं टणक मन."

"ते असंल. पण त्या गड्याले पेरणीले लावला तिथंच चूक झाली. गोष्ट तिथून सांगाले पायजे."

सहदेव हसले नाहीत. पहिल्या सालात ते नत्थुजीशी वाद घालत. मग वाद घालायचं बंद केलं. मग एका दुपारी ओट्यावर एकटेच बसलेले असताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्यालाही नत्थुजीचंच पटायला लागलं आहे. खरंच, वाटेवर बी टाकणाऱ्याला काय म्हणावं? आपल्याला नगरहून उचलून ज्यानं या बडनेऱ्याच्या वाटेवर टाकलं, त्याच्या हातात तिफण होती की नुसतीच मूठ? हा प्रश्न पाळकानं विचारावा असा नव्हता, म्हणून त्यांनी तो मोठ्यानं विचारला नाही.

तर अशा दमलेल्या दिवसांत एक भलतीच गोष्ट झाली.

बाजारात तिवस्याचा एक गाडीवान आणि एक कच्छी व्यापारी एकमेकांच्या गळपट्टीला धरून उभे होते. व्यापाऱ्याचं म्हणणं, कापसावर पाणी मारून वजन वाढवलंय. गाडीवानाचं म्हणणं, ते दव आहे. दुपारच्या उन्हात दव टिकत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, पण सिद्ध कसं करायचं? गाडीवान मारुतीची शपथ घ्यायला तयार झाला.

"तुमारा मारुती तुमारी तरफ," व्यापारी म्हणाला. "मेरे देव की खाओ."

"तुह्या देवाले मी काहून भिऊ?" गाडीवान म्हणाला. "तो माह्या वळखीचा नाई."

मधे शालिकराम दलाल अडकला होता. सौदा मोडला तर त्याची दलाली मोडणार. तेवढ्यात त्याला सहदेव पाळक दिसले. ते काखेत मराठी पवित्र शास्त्र घेऊन रोजच्यासारखे कोणीही ऐकत नसलेल्या जागी प्रवचन करायला चालले होते. शालिकराम त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिला. मग त्यानं गर्दीला उद्देशून एक भाषण केलं. धर्माविषयी इतकं तर्कशुद्ध भाषण सहदेवांनी नगरच्या शाळेतही ऐकलं नव्हतं.

"पाहा बाप्पा. आपला देव आपल्याले सांभाळून घेते. नारळ फोडला का राग गेला. यायचा देव यायले सांभाळून घेते. पण हा पादरीबुवांचा देव. याचा या गावात एक माणूस नाई. न सोयरा, न गोतावळा. इतके साल झाले, कोनी त्याच्या दारात गेलं नाई. त्याले कोनाची मुरवत काहून राहील? खोटं बोललं का तो सोडनार नाई."

गर्दीला हे ताबडतोब पटलं. सहदेवांना काही बोलायला सुचायच्या आत गाडीवानाचा हात पुस्तकावर होता. दवच आहे, असं तो ठासून म्हणाला.

पुढच्या आठवड्यात त्याचा एक बैल मेला. बैल म्हातारा होता आणि त्या सालात सगळ्याच बैलांना मरेस्तोवर राबवलं जात होतं. सहदेवांनी हे चारचौघांत सांगून पाहिलं. लोक म्हणाले, पादरीबुवा मनानं चांगले आहेत, म्हणून असं बोलतात. त्यांचा देव तसा नाही.

त्यानंतर बाजाराच्या दर सकाळी मिशनच्या ओट्यापुढे गाड्या उभ्या राहू लागल्या. कोणाचं पाणी, कोणाचं वजन, कोणाची कुंपणातून गेलेली म्हैस. सगळे पुस्तकावर हात ठेवायला येत. सहदेवांनी एक अट घातली: आधी एक अध्याय ऐकायचा. लोकांनी ती नाक्यावरच्या जकातीसारखी मान्य केली. बसून ऐकत, संपलं की उठत, हात ठेवत, जात. पुस्तकाच्या चामडी पुठ्ठ्यावर सरकीच्या तेलाचा आणि हळदीचा काळपट डाग पडला. आतली पानं मात्र कोरी करकरीत होती.

सहदेवांना त्या डागाकडे पाहून कधीकधी वाटायचं, यांना हसण्यासारखं काही नाही. मीसुद्धा इतकी वर्षं वरूनच हात ठेवत आलो. आत काय लिहिलंय ते मला पाठ आहे. पण पाठ असणं म्हणजेही पुठ्ठाच.

एकदा त्यांनी शालिकरामला बाजूला घेऊन विचारलं, "एवढं ऐकता, तुमच्यातल्या कोणाला वाटत नाही का, या देवाचं व्हावं?"

शालिकराम दचकला. "नोका, पादरीबुवा. असं मनातबी आनू नोका. एक जरी मानूस त्याचा झाला, तर देव नात्यात आला. मंग त्याच्या शपथेले कोन इचारते?" आणि जाताना वळून म्हणाला, "कोनी याले लागलाच, तर मले सांगा. मी त्याले समजावतो."

त्याच सुमारास मिशनकडून सांगावा आला. आगगाडी अकोल्याला येणार, तेव्हा मिशनचं इथलं ठाणंही अकोल्याला न्यावं असा विचार चालला होता. अमरावतीत इतक्या वर्षांत फळ नाही. जागा एका कापूस दाबणाऱ्या व्यापाऱ्याला द्यायची; त्याला गठाणी रचायला आवार हवं होतं. मात्र माघात साहेब स्वतः येऊन पाहणार होते. मंडळी जमते असं दिसलं, तर ठाणं राहील.

माणिकबाईनं हे ऐकलं आणि खराटा उचलून कडुलिंबाकडे गेली. आवारात गठाणी रचणारा माणूस एका लहान कबरीला वळसा घालून गाडी नेईल, असं तिला वाटत नव्हतं. सहदेवांनाही वाटत नव्हतं.

पण मंडळी तर जमत होती. ओटा भरून जमत होती. साहेब बाजाराच्या दिवशी आले, तर काही बोलायचीही गरज नव्हती. मत्तयाचं शुभवर्तमान वाचायचं चाललं होतं. पहिला अध्याय वंशावळीचा, तो लोकांना फार आवडला. कोण कोणाचा हे नीट कळतं, असं म्हणाले. दुसरा झाला. तिसरा झाला. चौथा झाला.

मग सहदेवांनी सहावा वाचला.

रात्रीची भाकरी वाढताना माणिकबाई म्हणाली, "पाचवा गाडीत भरून गेला का?"

"पुढं घेऊ."

"मी फक्त विचारलं."

पाचव्यात काय आहे ते तिलाही माहीत होतं. त्यात प्रभू म्हणतो की शपथच वाहू नका. आभाळाची नको, धरणीची नको, स्वतःच्या डोक्याचीही नको, कारण त्यावरचा एक केस काळा का पांढरा करणं तुमच्या हाती नाही. होय असेल तर होय म्हणा, नाही असेल तर नाही. बस. जो अध्याय वाचला तर ओट्यावरचा एकूण एक माणूस उठून जाईल, असा सबंध शुभवर्तमानात तो एकच होता, आणि तो नेमका वाटेत होता. त्याला वळसा घालायचं काम सहदेवांनी एका श्वासात केलं होतं. श्वास मात्र तेव्हापासून पुरा पडत नव्हता.

साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी ते कडुलिंबाखाली गेले. माणिकबाई झाडत होती.

"वाचलं तर काय होईल?" तिनं वर न पाहता विचारलं.

"अकोल्याला जाऊ."

"न वाचलं तर?"

"इथंच राहू."

तिनं कबरीच्या कडेचा पाला एका जागी गोळा केला. "मग मला विचारू नका," ती म्हणाली. "मी आई आहे. माझं उत्तर शास्त्रात बसणार नाही."

सकाळी फटफटायला लागलं तेव्हा सहदेव विहिरीवर तोंड धुवायला गेले आणि थबकले. विहिरीशी नत्थुजीची कापसाची गाडी उभी होती. नत्थुजी पोहरा भरून घेत होता आणि लग्नात अक्षता टाकाव्यात तितक्या प्रेमानं कापसावर पाणी शिंपडत होता. मिशनच्याच विहिरीचं. नत्थुजीनं त्यांना पाहिलं नाही. सहदेव आल्या पावली वळून समोर वाटेवर आले.

आज याच्याशी कोणीतरी भांडणार, हा पुस्तकावर हात ठेवणार, आणि साहेब ते पाहून खूश होणार, एवढं सगळं त्यांना तिथं उभ्याउभ्या दिसलं. फार थकल्यासारखं वाटलं. खाली पाहिलं तर चाकोरीच्या काठाला, वाटेच्या अगदी टणक मातीत, एक कापसाचं झाड होतं. गुडघ्याच्याही खाली. कोणत्या तरी गाडीतून सरकी सांडली असेल, पावसात रुजली असेल. अर्धं अंग चाकाखाली गेलेलं, पानं धुळीनं माखलेली. वर एक बोंड फुटलं होतं.

सहदेव बराच वेळ त्याच्यापाशी उभे राहिले. त्यांच्या डोक्यात काही प्रकाश वगैरे पडला नाही. त्यांना एवढंच वाटलं, की त्या पेरणाऱ्याला वाट कुठली आणि वावर कुठलं हे कळत नव्हतं असं नाही. त्यानं हात आखडला नाही, इतकंच. आणि आपण मात्र ओट्यावरची माणसं उठून जाणार नाहीत तेवढंच तिफण धरून पेरतो आहोत, नको ते दाणे तिफणीच्या चाड्यातच दाबून ठेवून.

साहेब दमणीतून उतरले तेव्हा ओटा भरला होता. साहेबांचा चेहरा उजळला. शालिकरामनं त्यांना पुढे खुर्ची दिली आणि जणू ठाणं आपलंच आहे अशा थाटात मागे उभा राहिला. पहिलाच तंटा नत्थुजीचा होता. तोच कच्छी व्यापारी, तेच म्हणणं: माल ओला आहे.

"दव हाय," नत्थुजी म्हणाला.

"आधी अध्याय," सहदेव म्हणाले.

त्यांनी पाचवा उघडला. धन्य ते, धन्य ते, असं सुरू झालं तेव्हा लोक नेहमीसारखे बसले होते. शपथेपाशी आले तेव्हा सहदेवांनी ते नीट, सावकाश वाचलं. पुस्तक मिटलं.

शालिकरामला सगळ्यात आधी कळलं. "पादरीबुवा, हे काय म्हनून राहिलं पुस्तक?"

"या पुस्तकावर हात ठेवून शपथ घेऊ नका, असं या पुस्तकातच लिहिलंय."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

"अन् तुमाले मालूम होतं?"

"माहीत होतं. मी गाळलं."

ओट्यावर गलका झाला. ज्यांनी खोट्या शपथा घेतल्या होत्या ते गप्प होते. त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं. गलका खऱ्या शपथा घेतलेल्यांचा होता.

"मी खरं बोललो होतो," एक जण उठून म्हणाला. "ते फुकट गेलं का मंग?"

"माह्या म्हशीचा फैसला झाला होता. तो आता नाई म्हनायचा?"

"मंग बिननात्याचा देव कुठून आनू आता?" शालिकराम डोक्याला हात लावून म्हणाला. "हंगाम अर्धा हाय अजून. मारवाड्यायचा नाई चालत, मुसलमानायचा नाई चालत. हा एक सापडला होता."

या सगळ्यात नत्थुजी तसाच उभा होता. त्याचा हात पुस्तकाकडे अर्धा पुढे आलेला, तो कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं तो मुंडाशाला लावला, मग खाली सोडला.

"मंग आता मी काय करू?" त्यानं विचारलं.

"काही नाही," सहदेव म्हणाले. "असेल ते सांगा. पाणी मारलं का?"

त्यांनी विहिरीवर पाहिल्याचं सांगितलं नाही. नत्थुजीनं त्यांच्याकडे पाहिलं, कच्छ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. भिण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं. त्यामुळेच त्याला घाम फुटला.

"हाव," तो म्हणाला.

अमरावतीच्या बाजारात असं कधी ऐकू आलं नव्हतं. व्यापाऱ्याला तर काय करावं सुचेना; खोटं पकडायची त्याची सगळी तयारी होती, खऱ्याची नव्हती. तो म्हणाला, सुकवून आण, मग पाहू. आणि निघून गेला. त्याच्यामागे ओटा रिकामा झाला. शालिकराम सगळ्यात शेवटी गेला. जाताना त्यानं जोडे घातले आणि सहदेवांकडे दुःखानं पाहिलं.

"तुमी चांगल्या देवाचं वाटोळं केलं, पादरीबुवा," तो म्हणाला.

साहेब खुर्चीत बसून होते. त्यांचं मराठी व्याकरणाच्या पुस्तकातलं होतं.

"सहदेव, तुमची मंडळी कोठे गेली?"

"बाजारात, साहेब."

"ती परत येईल काय?"

"नाही."

साहेबांनी टोपी उचलली. मग म्हणाले, तुम्ही सत्य वाचले, मिशन तुमचा आदर करील. तो आदर अकोल्याला करायचं ठरलं.

फाल्गुनात सामान गाडीत चढलं. सामान म्हणजे दोन पेट्या, अंथरूण, भांडी. पुस्तक एका पेटीत खाली गेलं होतं. कडुलिंबानं त्या महिन्यात नेहमीप्रमाणे सगळा पाला टाकायला काढला होता. झाडून वळावं तोवर पुन्हा पिवळं. माणिकबाई खराटा घेऊन कबरीपाशी उभी होती. धुऱ्यावर नत्थुजी उभा होता. तो केव्हापासून उभा होता, कोणास ठाऊक. नांगर नव्हता त्याच्यापाशी.

"जागा कापसवाल्याले गेली म्हनतेत," तो म्हणाला.

"हो."

"त्याच्याशी मी बोललो. त्याले ही मांगची पट्टी नोको हाय. वाकडी हाय म्हनते, गठाणी बसत नाई. म्हटलं, माह्या वावरात घेतो. नाई तरी…" त्यानं पुढचं गिळलं.

"नाही तरी निम्मी घेतलीच होती," माणिकबाई म्हणाली.

सहदेव गाडीपाशीच थांबले होते. पुढं जाऊन काही बोलावं असं त्यांना वाटलं, पण हा त्यांचा अध्याय नव्हता.

"धुरा कोरला होता का?" माणिकबाईनं विचारलं.

"हाव."

"दर साली?"

"हाव."

"धोंडे?"

"मीच सरकवले."

तिनं मान हलवली. हे सगळं तिला माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्यानं म्हणणं, यांच्यामधे तिची इतकी वर्षं गेली होती.

"आता कोराल?"

या प्रश्नाला त्यानं वेळ घेतला. काळी माती, तीही कापसाच्या सालात, आणि विचारणारी बाई उद्यापासून इथं नाही. पाहायला कोणी येणार नव्हतं. त्यानं कबरीकडे पाहिलं, धुऱ्याकडे पाहिलं, मनातल्या मनात तिथं नांगराची किती तासं बसतील तेही बहुधा पाहिलं.

"नाई," तो म्हणाला.

माणिकबाईची नजर सवयीनं सहदेवांच्या काखेकडे गेली. तिथं पुस्तक नव्हतं. तिनं नजर परत आणली, नत्थुजीच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि हातातला खराटा त्याच्यापुढे धरला.

"पाला फार पडतो या दिवसांत," ती म्हणाली.

गाडी अकोल्याच्या वाटेला लागली. वळणावर सहदेवांनी मागे पाहिलं. नत्थुजी कडुलिंबाखाली खराटा घेऊन उभा होता. जन्मात त्यानं झाडझूड केली नसावी. दोन्ही हातांनी तिफण धरतात तसा त्यानं तो धरला होता, आणि सरळ रेषेत, पाय मोजून टाकत, पाला पुढे ढकलत चालला होता.

"नीट झाडतोय का?" माणिकबाईनं विचारलं. तिनं मागे पाहिलं नव्हतं.

"नाही," सहदेव म्हणाले. "पण झाडतोय."